मामांच्या प्लेटलेट नॉर्मल आहेत, मग गोळी कशाला?

फराळाचं ताट अर्धं संपलं असेल, तेवढ्यात मामांनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली. वय ६८, एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर, तब्येत ठणठणीत. मुलाने हौसेने 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घेऊन दिलं होतं. त्यातल्या एका कागदावर कुणीतरी निळ्या पेनाने रेघ ओढली होती: मानेतल्या उजव्या धमनीत ५० ते ६० टक्के अरुंदपणा. दुसऱ्या कागदावर प्लेटलेट काउंट, २ लाख ४० हजार. शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी: ॲस्पिरिन ७५, कोलेस्टेरॉलची एक गोळी, बीपीची चालू आहे तीच.

"प्लेटलेट नॉर्मल आहेत ना माझ्या?" मामा म्हणाले. "मग प्लेटलेटवरची गोळी कशाला? आणि निम्मी नस बंद आहे म्हणतात, तर ती साफ करायची सोडून गोळ्या कसल्या देतात? तू आरोग्यावर लिहितोस ना, सांग."

"आधी खाऊ दे त्याला," म्हणत मामीने चकल्यांचा डबा पुढे केला. त्यामुळे मला विचार करायला दोन चकल्यांएवढा वेळ मिळाला.

दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. काउंटमध्ये ते नाही. त्या टक्क्यांमध्येही पुरतं नाही.

## डेंग्यूने लावलेली सवय

प्लेटलेट हा शब्द आपल्या घरांत डेंग्यूबरोबर शिरला. पावसाळा संपत आला की फोनवर आकडे सुरू होतात: काल ८० हजार होत्या, आज ४५ वर आल्या. मग पपईच्या पानांचा रस, किवी, रक्तपेढीची धावपळ. यातून डोक्यात एकच हिशेब बसला, की प्लेटलेट जास्त तितकं बरं.

डेंग्यूपुरता तो हिशेब ठीक आहे. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी चिमुकल्या चकत्या. अस्थिमज्जेतल्या अवाढव्य पेशींचे तुकडे पडून त्या तयार होतात. आकार दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर तीनचारशे सहज मावतील. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असल्या की काउंट नॉर्मल. मामांच्या अंगात पाच लिटर रक्त धरलं तर एकूण आकडा सव्वा लाख कोटींच्या घरात जातो. एकेक चकती आठ-दहा दिवस जगते आणि शरीर रोज नव्या करतं.

इटलीतल्या तुरीन शहरात जुलिओ बिझ्झोझेरो नावाच्या संशोधकाने १८८२ मध्ये त्यांचं काम नीट मांडलं. जिवंत प्राण्याची बारीक रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याने तिला जखम केली आणि पाहत बसला. जखमेवर सगळ्यांत आधी तांबड्या पेशी आल्या नाहीत की पांढऱ्याही आल्या नाहीत. आल्या त्या या चकत्या, आणि येऊन चिकटल्या. तोवर सूक्ष्मदर्शकातला कचरा म्हणून अनेकांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला होता.

पण काउंट सांगतो तो फक्त चकत्या किती याचा आकडा. त्या या घडीला काय करताहेत, ते काउंटमध्ये येत नाही. "मामा, गाडीत साठ माणसं आहेत एवढं तिकिटांवरून कळतं," मी म्हटलं. "त्यांत भांडण जुंपलंय का, ते तिकिटावर लिहिलेलं नसतं." हे त्यांना लगेच पटलं. तेहतीस वर्षांचा अनुभव.

## शिट्टी वाजते तेव्हा

मानेतल्या धमनीच्या बाबतीत सगळा खेळ या 'भांडणा'चा आहे. डॉक्टरी भाषेत त्याला 'प्लेटलेट ॲक्टिव्हेशन' म्हणतात. आपण म्हणू, प्लेटलेट जागी होणं.

दहीहंडीच्या दिवशी चौकात पथक येतं तेव्हा गोविंदा सुटेसुटे उभे असतात. कुणी पाणी पितोय, कुणी चेष्टा करतोय. मग शिट्टी वाजते. क्षणात हात खांद्यांवर जातात, बोटं गुंफली जातात आणि मघाचा मोकळा घोळका एक घट्ट गोल होतो. माणसं तितकीच, पण आता त्यातून वाट काढता येत नाही.

निजलेली प्लेटलेट गुळगुळीत चकती असते. धमनीचं आतलं अस्तर तिला निजवूनच ठेवतं. हे अस्तर सतत अशी रसायनं सोडत असतं, की जवळून जाणाऱ्या प्लेटलेटला 'इथे काही नाही, पुढे चला' असा निरोप मिळतो. अस्तर फाटलं आणि खालचे धागे उघडे पडले की निरोप बदलतो. प्लेटलेट तिथे चिकटते, फुगते, तिला काटे फुटतात. आणि ती आपल्या पोटातल्या पुड्या फोडून आजूबाजूच्यांना हाका मारते. यांतल्या दोन हाका, म्हणजे दोन शिट्ट्या, आपल्या कामाच्या आहेत. एक थ्रॉम्बॉक्सेन नावाच्या रसायनाची, दुसरी एडीपी नावाच्या रसायनाची. त्या ऐकून शेजारच्या जाग्या होतात, त्याही शिट्ट्या वाजवतात, आणि रक्तातल्या फायब्रिनोजेनच्या दोऱ्यांनी सगळ्या एकमेकींना धरतात. झाली गुठळी.

बोट कापलं तर हेच आपल्याला वाचवतं. मानेत तेच नको त्या जागी घडतं.

## मानेतला फाटा

हनुवटीच्या खाली, गळ्याच्या घाटीच्या बाजूला दोन बोटं हलके ठेवलीत तर ठोके लागतात. ही कॅरॉटिड धमनी. दोन्ही बाजूंना एकेक. जबड्याच्या कोनाच्या थोडं खाली तिला फाटा फुटतो: एक शाखा चेहऱ्याकडे, दुसरी थेट मेंदूकडे. मामांच्या रिपोर्टमधली जागा ही.

गडबड नेमकी फाट्यावर का होते, ते शेतीला पाटाचं पाणी घेणाऱ्याला सांगावं लागत नाही. सरळ पाटात गाळ बसत नाही. जिथे चारी फुटते तिथे काठाला पाणी घुटमळतं, उलटं फिरतं आणि गाळ तिथे बसतो. फाट्यावर धमनी किंचित फुगीर असते. बाहेरच्या भिंतीलगत रक्त रेंगाळतं आणि अस्तर कुरकुरायला लागतं. वर्षानुवर्षं उच्च रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा मारा बसला की अस्तराखाली चरबी, मेलेल्या पेशी, चुना असं साठत जातं. हा थर म्हणजे 'प्लाक'. नळाला आतून क्षार धरतात तसा तो पृष्ठभागावर बसलेला नसतो. तो भिंतीच्या आत असतो, गळवासारखा, वरून टोपण असलेला. टोपण जाड असेल तर दहा-वीस वर्षं काही होत नाही. पातळ असेल तर एखाद्या दिवशी तडकतं.

आता टक्क्यांकडे. ५० टक्के अरुंद म्हणजे धमनीची रुंदी निम्मी झाली. रुंदी निम्मी झाली की रक्ताला जायची जागा चौथाईच उरते. तरी मेंदूला रक्त जवळपास पूर्वीइतकंच पोचतं, कारण रक्त तिथून वेगाने जातं. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसं. डॉपलर तपासणीत मानेवर जेल लावून यंत्र फिरवतात आणि 'शूऽ शूऽ' आवाज येतो. तेव्हा ते मुख्यतः हा वेगच मोजत असतात. मेंदूकडे जाणाऱ्या शाखेत ठोक्यागणिक कमाल वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असला तर ठीक. २३० च्या वर गेला तर अरुंदपणा ७० टक्के किंवा जास्त असण्याची शक्यता धरतात.

हा वेग प्लेटलेटला झोंबतो. तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्यातून जातात आणि चिमुकल्या प्लेटलेट कडेला, भिंतीला घासून ढकलल्या जातात. रक्तात एक लांबलचक प्रथिन सुताच्या गुंडीसारखं गुंडाळलेलं फिरत असतं, व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं. अरुंद जागी घासणी वाढली की ही गुंडी उलगडते, आणि उलगडलेल्या धाग्याला प्लेटलेट अडकतात. त्यापुढे, अरुंद भाग ओलांडला की खडकामागे नदीत होतो तसा भोवरा. तिथे प्लेटलेट आणि त्यांच्या शिट्ट्या दोन्ही रेंगाळतात. म्हणजे अरुंद जागेआधी निजलेली, अरुंद जागेत डिवचलेली, आणि पुढे जागी होऊन घोळक्यात सापडलेली. त्यात टोपण तडकलेलं असेल तर विचारूच नका.

## मग मेंदूचं रक्त थांबतं ते कशाने?

बहुतेकांच्या डोक्यातलं चित्र असं असतं: नस ५० टक्के बंद, मग ७०, मग ९०, आणि ज्या दिवशी १०० त्या दिवशी लकवा. हे चित्र बरंचसं चुकीचं आहे, आणि ते साडेतीनशे वर्षांपूर्वी ढासळलं.

१६६४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरने मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने शवविच्छेदनातला एक माणूस वर्णिला आहे. एका बाजूची कॅरॉटिड दगडासारखी होऊन बंद झालेली, आणि तरी या माणसाला जिवंतपणी लकवा झाला नव्हता. कारण मेंदूच्या तळाशी चारही मोठ्या धमन्या एकमेकींना जोडणारं एक कडं असतं. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त फिरवून आणता येतं. सगळ्यांचं कडं पूर्ण नसतं, पण ज्यांचं असतं त्यांना ते मोठा आधार देतं. या कड्याला आजही विलिसचंच नाव आहे.

तर मग? उत्तर अक्षरशः डोळ्यांत दिसलं.

कॅनडाचे मिलर फिशर हे बॉस्टनमध्ये काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ. मानेतल्या कॅरॉटिडचा आणि लकव्याचा संबंध त्यांनी १९५१ मध्ये ठळकपणे मांडला होता. अशा काही रुग्णांना मधूनच एका डोळ्यापुढे अंधारी येते. दुकानाचं शटर खाली यावं तसा पडदा उतरतो आणि काही मिनिटांनी वर जातो. हा झटका चालू असतानाच डोळ्याच्या आत पाहायची संधी फिशर यांना मिळाली आणि १९५९ मध्ये त्यांनी ते वर्णन प्रसिद्ध केलं. नेत्रपटलावरच्या धमनीत पांढुरके तुकडे हळूहळू सरकत होते. फाट्यावर अडत, मोडत, पुढे जात होते. ते पार झाले आणि नजर परत आली. पुढे १९६३ मध्ये अशाच एका रुग्णाच्या डोळ्यातले तुकडे मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा ते प्लेटलेटचे गठ्ठे निघाले.

डोळ्याला रक्त देणारी धमनी कॅरॉटिडचीच पोरगी. म्हणजे मानेतल्या खरबरीत जागेवर प्लेटलेटचा गठ्ठा धरतो, सुटतो आणि वर जातो. डोळ्यात गेला तर अंधारी, मेंदूत गेला तर लकवा. पाटातला मुख्य दगड जागच्या जागीच असतो. त्यावर साचलेला शेवाळाचा लगदा सुटून खालच्या ठिबकच्या नळीत अडकतो.

एक तपशील घरच्यांना ठाऊक हवा. मेंदूच्या वायरी आडव्या जातात. उजव्या कॅरॉटिडमधून गठ्ठा सुटला तर डावा हात, डावा पाय लुळा पडतो. डोळा मात्र त्याच बाजूचा, उजवाच. डावीकडून सुटला तर उजवं अंग, आणि बहुतेकांची वाचाही, कारण बोलण्याचं केंद्र बहुतेकांत डावीकडे असतं.

## ते गठ्ठे मोजता येतात का?

मोजता येत नाहीत, पण ऐकता येतात. कानशिलावर डॉपलरचं यंत्र लावून मेंदूतल्या धमनीचा आवाज तासभर ऐकत बसायचं. रक्ताच्या संथ सूंसूंमध्ये मधूनच 'चिक्' असा चिमणीसारखा आवाज येतो. प्रत्येक 'चिक्' म्हणजे एक बारीक गठ्ठा यंत्राखालून गेला. इतका बारीक, की रुग्णाला पत्ताही नसतो.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅरेस' नावाच्या अभ्यासात हेच केलं. मानेतली धमनी अरुंद, नुकताच लकव्याचा, क्षणिक का होईना, झटका येऊन गेलेला आणि कानाला 'चिक्' ऐकू येणारे १०७ रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसती ॲस्पिरिन, निम्म्यांना ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेटवरचीच दुसरी गोळी. सात दिवसांनी पुन्हा ऐकलं. एका गोळीवाल्यांपैकी ७२.७ टक्के लोकांत अजून 'चिक्' येत होतं, दोन गोळ्यांवाल्यांत ४३.८ टक्के. धमनीची रुंदी आठवड्यात बदलली नव्हती. काउंटही बदलायचं कारण नव्हतं. प्लेटलेट तेवढ्या शांत झाल्या होत्या. मला विचाराल तर या सगळ्या विषयाचा गाभा एवढ्या एका अभ्यासात दिसतो.

'मग थेट प्लेटलेट जागी आहे का याचीच रक्ततपासणी का करत नाहीत?' हा पुढचा प्रश्न. अशा तपासण्या आहेत, संशोधनात वापरतात. पण सुई टोचली, रक्त नळीत ओढलं, हलवलं, की प्लेटलेट त्यानेच जाग्या होतात. झोपलेल्याला हलवून 'झोपला होतास का?' विचारण्यासारखं आहे ते. निकाल यंत्रागणिक बदलतात, आणि रोजच्या उपचारात त्यावरून गोळी ठरवावी इतका भरवसा अजून बसलेला नाही.

## 'रक्त पातळ करायची गोळी' काय करते?

ॲस्पिरिनने रक्त पातळ होत नाही. पाणी घातलेल्या ताकासारखं तर मुळीच नाही. पहिल्यासारखंच घट्ट राहतं. ॲस्पिरिन प्लेटलेटच्या हातातली थ्रॉम्बॉक्सेनची शिट्टी काढून घेते. क्लोपिडोग्रेल दुसऱ्या, एडीपीच्या शिट्टीसाठी कानात बोळे घालते. गोविंदा तितकेच, पण एकमेकांच्या हाका ऐकू येत नाहीत.

७५ मिलिग्रॅमची एवढीशी गोळी कशी पुरते, यातही मजा आहे. प्लेटलेट हा पेशीचा तुकडा, त्याला केंद्रक नाही. शिट्टी गेली की नवी बनवायचा कारखानाच त्याच्याकडे नाही. उरलेले आठ-दहा दिवस तो मुका. धमनीच्या अस्तराच्या पेशी मात्र आपली शांत करणारी रसायनं पुन्हा बनवू शकतात. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, म्हणून गोळी रोज. एखादा दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही, आठवडाभर सोडली तर जवळजवळ सगळ्या शिट्ट्या परत आलेल्या असतात.

हे गणित कळायच्या आधी अमेरिकेत ग्लेन्डेलचा लॉरेन्स क्रेव्हन हा साधा फॅमिली डॉक्टर एका निरीक्षणावरून निघाला. टॉन्सिल काढल्यावर दुखू नये म्हणून ॲस्पिरिनचं च्युइंगम चघळणाऱ्यांना जास्त रक्तस्राव होतो. मग हेच हृदयविकार आणि लकव्याविरुद्ध वापरलं तर? १९५० च्या दशकात त्याने हजारो पुरुषांना ॲस्पिरिन दिली आणि आपले निष्कर्ष छोट्या मासिकात छापले. तुलनेला गोळी न घेणारा गट नव्हता, त्यामुळे तो पुरावा धरता येत नाही, आणि कुणी धरलाही नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतः हृदयविकारानेच गेला. रीतसर पुरावा १९७८ मध्ये कॅनडातून आला. ५८५ रुग्णांच्या चाचणीत ॲस्पिरिनने लकवा किंवा मृत्यूचं प्रमाण ३१ टक्क्यांनी उतरलं. तेव्हा डोस रोज १३०० मिलिग्रॅम होता! पुढे कळलं की इतक्या माऱ्याची गरजच नाही.

## दोन गोळ्या बऱ्या, तर कायमच्या का नाही?

कारण शिट्टी मानेत हवी की नको हे गोळीला कळत नाही. जठरातल्या जखमेवरही ती बंद, मेंदूतल्या नाजूक केशवाहिनीवरही बंद.

चीनमध्ये २०१३ मध्ये पुरी झालेली 'चान्स' चाचणी ५१७० रुग्णांवर झाली. सगळे नुकताच सौम्य झटका येऊन गेलेले. पहिले २१ दिवस दोन गोळ्या दिल्या, तर ९० दिवसांत लकव्याचं प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आलं. त्याउलट, २००४ च्या 'मॅच' चाचणीत दोन्ही गोळ्या दीड वर्ष दिल्या, तेव्हा फायदा फारसा दिसला नाही आणि जिवावरचा रक्तस्राव वाढला. टोपण तडकल्यानंतरचे पहिले दिवस-आठवडे सगळ्यांत धोक्याचे. त्या काळात दोन्ही शिट्ट्या बंद, जखम निवली की एक पुरे. यावर डॉक्टर नेमके किती दिवस सांगतात ते रुग्णागणिक बदलतं. स्वतः वाढवू नये, स्वतः थांबवू नये.

क्लोपिडोग्रेलची आणखी एक गोम. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृत तिला जागं करतं. ते काम करणारं एक जनुक दक्षिण आशियातल्या पुष्कळ लोकांत मंद असतं. त्यांना गोळी अपेक्षेइतकी लागू पडत नाही. गोळी चालू असताना दुसरा झटका आला तर डॉक्टर हा मुद्दा ध्यानात घेतात.

## निम्मी नस बंद आहे, साफ का करत नाहीत?

इथे मामा सरसावून बसले. हा त्यांचा खरा प्रश्न.

साफ करता येते. मानेत छेद घेऊन, धमनी उघडून, आतला थर सोलून काढतात. ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी १९५३ मध्ये ही शस्त्रक्रिया केली. आता मांडीतून किंवा मनगटातून तार नेऊन स्टेंटही बसवतात. पण थर सोलताना किंवा तार सरकवतानाच गठ्ठा सुटून लकवा होऊ शकतो. म्हणजे आज थोडा धोका पत्करून उद्याचा धोका टाळायचा. सौदा तेव्हाच परवडतो, जेव्हा उद्याचा धोका मोठा असतो.

१९९१ च्या 'नॅसेट' चाचणीत ७० टक्क्यांहून जास्त अरुंदपणा आणि झटका येऊन गेलेले रुग्ण होते. नुसत्या औषधांवर दोन वर्षांत १०० पैकी २६ जणांना त्या बाजूचा लकवा, शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ जणांना. इथे शंकाच नाही: करा, आणि शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत करा. ज्यांना कधीच लक्षण नव्हतं त्यांच्यावर १९९५ ची 'अकास' चाचणी झाली. पाच वर्षांत औषधांवर ११, शस्त्रक्रियेवर ५.१. म्हणजे वर्षाला शंभरात एकाच्या आसपास फरक. आणि ते आकडे आजच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घरोघर पोचण्याआधीचे. २०२५ मधल्या 'क्रेस्ट-२' चाचणीत ७० टक्क्यांहून अरुंद पण लक्षणं नसलेल्यांना कसून औषधं दिली. चार वर्षांत औषधांवर १०० पैकी साधारण सहा, स्टेंट बसवलेल्यांत साधारण तीन. शस्त्रक्रियेच्या गटात मात्र ठाम फरक दिसला नाही.

सारखाच ७० टक्के अरुंदपणा, पण एकात टोपण तडकून प्लेटलेट जाग्या झाल्या आहेत आणि दुसऱ्यात टोपण शाबूत आहे. म्हणून धोक्यात इतका फरक. मामांचा ५० ते ६०, आणि लक्षण कधीच नाही. त्यांच्यासाठी सुरीपेक्षा कोलेस्टेरॉलची गोळी मोठी, कारण ती टोपण जाड करायला मदत करते. ॲस्पिरिन आणखी एका कारणासाठी: मानेत थर आहे तर हृदयाच्या धमन्यांतही असण्याची शक्यता मोठी, आणि अशा लोकांना लकव्याइतकीच हृदयविकाराची भीती असते. रोज सकाळी मिश्री लावायच्या मामांच्या सवयीचा विषय मात्र मला तिथेच काढावा लागला. मामीने माझ्याकडे पाहिलं, डबा पुन्हा पुढे केला.

## मग सगळ्यांनीच तपासून घ्यावं? गोळी सुरू करावी?

नाही. ठणठणीत, लक्षण नसलेल्या माणसांची सरसकट मानेची तपासणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य समितीने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. न दुखणाऱ्या गोष्टी सापडतात आणि त्यामागे धावताना दुखणी होतात. चेकअपच्या पॅकेजमध्ये ही तपासणी घुसवणं मला स्वतःला पटत नाही. मामांना सापडलं, ठीक. पण त्याआधी त्यांचा बीपी नीट मोजला असता तरी अर्धं काम झालं असतं. शिवाय आशियाई लोकांत अरुंदपणा मानेपेक्षा कवटीच्या आतल्या धमन्यांत असण्याचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त. मान साफ दिसली म्हणून सुटलो असं नाही.

आणि गोळी? २०१८ च्या 'ॲस्प्री' चाचणीत मुख्यतः सत्तरीपुढच्या १९,११४ निरोगी लोकांना ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी दिली. हृदयविकार-लकव्यात म्हणण्यासारखा फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. शेजारच्या काकांना चालू आहे म्हणून आपण सुरू करायची ही गोळी नाही.

ज्यांना डॉक्टरांनी दिली आहे त्यांच्यासाठी तीन गोष्टी. दात काढायच्या आधी परस्पर बंद करू नका, दंतवैद्याला सांगा, बहुतेक वेळा बंद करावीही लागत नाही. गुडघ्यासाठी रोज आयब्युप्रोफेन घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, ती ॲस्पिरिनची जागा अडवते आणि शिट्टी वाजतच राहते. आणि ताप येऊन डेंग्यूची शंका असेल तर त्याच दिवशी विचारा, गोळी चालू ठेवायची की थांबवायची. तेव्हा काउंटला खरंच महत्त्व येतं.

## दहा मिनिटांत बरं वाटलं तरी

हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले किंवा एका डोळ्यापुढे शटर उतरलं, आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल, पित्त असेल, सकाळी बघू. हा क्षणिक झटका म्हणजे गठ्ठा आला, अडकला, मोडून पुढे गेला. फिशर यांनी डोळ्यात पाहिलं तेच. मानेत टोपण मात्र तडकलेलंच आहे, आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांत वाईट. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा लोकांना वाट न पाहता लगेच तपासून गोळ्या सुरू केल्या, तर ९० दिवसांतला लकवा १०.३ वरून २.१ टक्क्यांवर आला. औषधं तीच होती, फक्त दिली लवकर.

झटका गेला नाही तर १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. घरातून ॲस्पिरिन चघळायला देऊन निघू नका, कारण लकवा गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही. दारात पोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो काउंटचा नसेल. ते विचारतील, "यांना शेवटचं धडधाकट कुणी आणि किती वाजता पाहिलं?"

मामीने ते वाक्य फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे.